कातळावर घडलेले पाय आणि बर्फातले पोलादी दात

शनिवारी रात्री कल्याण स्टेशनबाहेर मुरबाडकडे निघालेला एखादा ट्रेकर्सचा घोळका पाहिला, तर सगळ्यांच्या पायांतले बूट एकाच घराण्यातले दिसतात. मऊ, हलके, रबरी तळव्याचे, मागच्या रविवारच्या चिखलात भिजून वाळलेले. ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंग बूट ही तर ठाणे-डोंबिवलीच्या डोंगरवेड्यांची जुनी ओळख. गोरखगडाच्या कोरीव पायऱ्या, माहुलीची चढण, मलंगगडाच्या बालेकिल्ल्याकडे जाताना दरीवरून पार करावा लागणारा तो लोखंडी पाइप, या सगळ्यावर हे बूट बिनतक्रार चालतात. सह्याद्रीचा काळा कातळ खडबडीत आहे आणि रबर त्याला घट्ट धरतं, एवढंच त्यामागचं साधं कारण.

हाच माणूस डिसेंबरात केदारकंठाला जातो किंवा मे महिन्यात उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला. तिथं पहिल्याच गोठलेल्या उतारावर त्याला कळतं, की रबराची कामगिरी इथं संपली. 1,646 मीटर उंचीचं कळसूबाई हे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, आणि तिथंही कधी बर्फ साचत नाही. म्हणजे मुंब्र्याच्या कड्यावर वर्षानुवर्षं रोप लावून सराव केलेल्या पक्क्या प्रस्तरारोहकालाही बर्फ घराजवळ शिकायची सोय नाही. तरीही मराठी गिर्यारोहक बर्फावर मागे राहिलेले नाहीत. 1998 च्या मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. तो मान मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय. 2012 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत एव्हरेस्टवर गेले आणि 2019 मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगावर. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात दर पावसाळ्यात भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनात अशा मोहिमांच्या कथा ऐकून बाहेर पडणारी तरुण मुलं हमखास एक प्रश्न विचारतात: बर्फात बुटाखाली बांधायचे दात, म्हणजे क्रॅम्पॉन, कुठले घ्यावेत?

या प्रश्नाचं उत्तर क्रॅम्पॉनपासून सुरू होत नाही. ते बुटापासून सुरू होतं. त्याही आधी, आपण ज्याला क्रॅम्पॉन म्हणतोय ते क्रॅम्पॉनच आहेत का, हे तपासावं लागतं.

हिवाळी ट्रेकच्या साहित्याच्या यादीत ‘क्रॅम्पॉन दिले जातील’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात हातात येते ती बुटावरून ताणून चढवायची रबरी चौकट, तिला खालून साखळ्या आणि साखळ्यांना सेंटिमीटरभर लांबीचे काटे. हे मायक्रोस्पाइक्स. ते अतिशय कामाचे आहेत, कुठल्याही मऊ बुटावर बसतात, पिशवीत मुठीएवढी जागा घेतात आणि केदारकंठाच्या किंवा ब्रह्मतालच्या वाटेवर शेकडो पावलांनी तुडवून काचेसारख्या झालेल्या बर्फावर नेमकं तेवढंच लागतं. चादर ट्रेकला झंस्कारच्या गोठलेल्या नदीवर चालायलाही तेच योग्य. ठाणे-डोंबिवलीतून हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना याहून जास्त काही लागतच नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. घोटाळा होतो तो पुढे. मायक्रोस्पाइक्स घालून एक ट्रेक झाला, की ‘आपण क्रॅम्पॉन वापरलेत’ असा समज पक्का होतो, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी मनालीजवळच्या 5,289 मीटरच्या फ्रेंडशिप पीकवर जातो. तीस-पस्तीस अंशांच्या कडक उतारावर साखळीचे काटे बुटाखालून सरकतात, रबर ताणलं जातं आणि सगळी चौकटच बाजूला फिरते. मायक्रोस्पाइक्स सपाटीसाठी आणि सौम्य चढासाठी असतात. उतार जिथं ‘पडलो तर थांबणार नाही’ असा दिसतो, तिथं त्यांचं काम संपलं.

काही जण विचारतात, पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर हे स्पाइक्स चालतील का? नाही. पोलाद ओल्या बेसॉल्टवरून रबराइतकंच, किंबहुना जास्त घसरतं. शिवाय गोरखगडासारख्या ठिकाणी कुणीतरी शतकांपूर्वी छिन्नीनं खोदलेल्या पायऱ्यांवर ओरखडे उठतात ते वेगळंच.

आता खरे क्रॅम्पॉन. पोलादाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची दोन तुकड्यांची चौकट, एक तुकडा चवड्याखाली, एक टाचेखाली, मध्ये त्यांना जोडणारी पट्टी. खाली दहा किंवा बारा दात, त्यांतले दोन पुढे वाकलेले. ही रचना फार जुनी नाही. ऑस्कर एकेनस्टाइन या ब्रिटिश रेल्वे इंजिनिअरनं 1908 मध्ये दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा मांडला आणि त्यानंतर लवकरच इटलीत माँ ब्लाँच्या पायथ्याशी कुर्मायेर गावातल्या आँरी ग्रिव्हेल या लोहारानं ते घडवले. 1929 मध्ये त्याचा मुलगा लोराँ यानं पुढचे दोन दात जोडले. या दोन दातांनी काय बदललं ते जुलै 1938 मध्ये आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसलं. फ्रिट्झ कास्पारेककडे दहा दातांचे क्रॅम्पॉन होते, हाइनरिश हारेरकडे तर क्रॅम्पॉनच नव्हते. त्यामुळे ही जोडी बर्फात एकेक पायरी खोदत चालली होती. मागून निघालेल्या आंडर्ल हेकमाइर आणि लुडविग फोर्गकडे बारा दातांची नवी जोडी होती. त्यांनी पहिल्या जोडीला गाठलं आणि मग चौघं मिळून वर पोचले. आज दुकानात दहा की बारा असा प्रश्न पडतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. आजच्या दहा दातांच्या जोडीलाही पुढचे दात असतात. हिमनदीवरची चाल आणि सोपी बर्फाळ शिखरं एवढंच मनात असेल तर दहा पुरतात. कडक बर्फाचे तीव्र उतार येणार असतील तर बारा.

पुढचे दात आडवे, म्हणजे चपट्या पात्यासारखे असतील तर ते भुसभुशीत बर्फात चांगले रुततात. उभे, म्हणजे सुऱ्याच्या धारेसारखे असतील तर ते गोठलेल्या धबधब्यावर चढणाऱ्यांसाठी. सर्वसाधारण गिर्यारोहणाला आडवेच घ्यावेत, इथं फारसा वादाला वाव नाही.

धातूबद्दल मात्र वाद होतो आणि तो मुख्यतः वजनावरून. बारा दातांची पोलादी जोडी किलोच्या आसपास भरते, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्या साधारण निम्मी. सॅकमधलं प्रत्येक ग्रॅम मोजणाऱ्याला मोह होणारच. पण आपल्याकडच्या हिमालयात बर्फापर्यंत पोचण्याआधी आणि अनेकदा बर्फाच्या मधोमधही दगडगोट्यांचा पसारा, म्हणजे मोरेन, असतो. अ‍ॅल्युमिनियमचे दात दगडावर दोन-चार दिवसांत बोथट होतात, एखादा वाकतोही. ते स्कीवाल्यांसाठी बनलेले आहेत, मोरेन तुडवत जाणाऱ्यांसाठी नाहीत. पहिली जोडी पोलादाचीच असावी, असं इथं ठामपणे म्हणता येतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बुटाशी जोडी जमवताना. क्रॅम्पॉन बांधायच्या तीन तऱ्हा आहेत. पुढे-मागे प्लॅस्टिकची चौकट आणि पट्टे असलेला सी-1. पुढे चौकट पण मागे टाचेच्या खाचेत खटका बसणारा सी-2. पुढे पोलादी तार आणि मागे खटका असलेला सी-3. बुटांचीही तशीच वर्गवारी ब्रिटनमध्ये रूढ झाली आणि आता सगळीकडे चालते. बी-0 म्हणजे आपला नेहमीचा वाकणारा ट्रेकिंग बूट. त्यावर क्रॅम्पॉन नाहीत. बी-1 थोडा ताठ, त्यावर फक्त सी-1. बी-2 ला टाचेवर खाच असते, त्यावर सी-1 आणि सी-2. बी-3 पूर्ण ताठ, पुढे-मागे दोन्हीकडे खाच, त्यावर काहीही चालतं. बूट क्रॅम्पॉनपेक्षा वरच्या वर्गाचा असला तर बिघडत नाही, खालचा असला तर नक्की बिघडतं. मऊ बूट प्रत्येक पावलाला वाकतो, पोलाद वाकत नाही. मग एक तर बूट चौकटीतून निसटतो, नाहीतर मधली पट्टी वाकून वाकून एक दिवस मोडते, आणि ती मोडते तेव्हा माणूस उतारावरच असतो.

बुटाचा ताठपणा ओळखायला दुकानदाराच्या शब्दाची गरज नाही. एक हात टाचेवर, एक चवड्यावर ठेवून बूट पुस्तकासारखा मिटायचा प्रयत्न करावा. सहज मिटला तर तो माहुलीचा बूट, हिमनदीचा नव्हे.

क्रॅम्पॉन घेताना बूट बरोबर न्यावाच, दोन्ही पायांचे. बुटाच्या नंबरावरून क्रॅम्पॉन बसत नाहीत, तळव्याच्या आकारावरून बसतात. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांचे तळवे वेगळे असतात, आणि आपल्याकडच्या रुंद चवड्यांना कधी कधी पुढची चौकट अरुंद पडते. मधली पट्टी योग्य भोकात लावून क्रॅम्पॉन बुटावर बसवावा, पट्टे न आवळता बूट उचलून हलवावा. जोडी तशीच चिकटून राहिली पाहिजे. पुढचे दात बुटाच्या टोकाच्या साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर पुढे यावेत. बकलं पायाच्या बाहेरच्या अंगाला यावीत, आत आली तर दुसऱ्या पायाचा दात त्यात अडकतो. चौकटीवर युरोपीय मानकाचा ईएन 893 हा आकडा कोरलेला आहे का तेही बघावं. नसेल तर ती वस्तू कितीही चकचकीत असली तरी ठेवून द्यावी.

आणि हे सगळं घरी करायचं. जायच्या आदल्या आठवड्यात डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर जुनी गोधडी अंथरून, पंखा बंद करून, जाड लोकरी हातमोजे घालून दोन्ही क्रॅम्पॉन चढवायचे आणि उतरवायचे. घामाच्या धारा लागतात, घरचे हसतात, पण पहिल्या वेळी दहा मिनिटं लागलेलं काम पाचव्या वेळी दोन मिनिटांवर येतं. पहाटे दोन वाजता उणे दहा तापमानात हेडटॉर्चच्या उजेडात हीच दहा मिनिटं बोटांना महागात पडतात. पट्ट्याचं शेपूट किती लांब लोंबतं, ते कुठे खोचायचं, डावा कुठला आणि उजवा कुठला, हे तेव्हा शोधत बसायचं नसतं.

अँटीबॉट, म्हणजे चौकटीखाली बसणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची पाटी, जोडीबरोबर आली नसेल तर वेगळी घ्यावी. मे-जूनमध्ये ऊन चढलं की हिमालयातला बर्फ ओला होतो, दातांच्या मध्ये थापला जातो आणि काही पावलांत बुटाखाली गोळा तयार होतो. दात असूनही माणूस मग गोट्यावर उभा असल्यासारखा घसरतो. पाटीमुळे हे बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही. उरलेलं काम आइस अ‍ॅक्सच्या दांड्यानं बुटाच्या कडेवर टोला देऊन करायचं, आणि शिखरावरून लवकर परतून.

इथवर खरेदी झाली. खरी अडचण पायांची आहे, आणि ती सह्याद्रीतल्या माणसाला इतरांपेक्षा जरा जास्त आहे. कारण कातळानं त्याला ज्या सवयी लावल्या, त्यांतल्या काही इथं उलट्या पडतात.

कातळावर छोट्या खाचेत बुटाची आतली कड रोवायची असते. डोंबिवलीचा मुलगा बर्फाच्या आडव्या चालीवर आला, की तोच पाय आपोआप कडेवर येतो. क्रॅम्पॉनला हे चालत नाही. कड रोवली की डोंगराकडच्या बाजूचे दोन-तीन दातच टेकतात, बाकीचे हवेत, आणि त्या ओळीवर पाय सटकन घसरतो. इथं घोटा दरीकडे झुकवून तळवा उताराला समांतर ठेवायचा, म्हणजे पुढचे सोडून सगळे दात एकाच वेळी रुततात. ही फ्रेंच पद्धत. पहिल्या दिवशी घोटे भरून येतात आणि मन म्हणतं, असा पाय टेकवला तर आपण दरीतच जाणार. शिकवणारे उस्ताद मागून एकच ओरडत असतात, पूरा पाँव, पूरा पाँव. उतार वाढला की पाय बदकासारखे फाकवायचे, आणखी वाढला की नागमोडी चढायचं, आणि पन्नास अंशांच्या आसपास डोंगराकडे तोंड करून पुढचे दात मारायचे. एक पाय सपाट आणि एक पुढच्या दातांवर अशी मिश्र चालही आहे. पोटऱ्यांना आळीपाळीनं विश्रांती मिळते म्हणून लांबच्या चढावर तीच सर्वांत उपयोगी.

पुढच्या दातांवर उभं राहताना मात्र कातळावरचा एक धडा जसाच्या तसा लागू पडतो. टाच वर गेली की संपलं. मुंब्र्याला ज्याचा पाय घाबरून शिलाई मशीनसारखा उडायला लागला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. टाच किंचित खाली ठेवली की पुढच्या दातांमागचे दोन दातही टेकतात आणि माणूस चार दातांवर स्थिर उभा राहतो.

उतरताना तर सवय पार मोडावी लागते. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर बूड टेकवत, हात मागे लावत उतरणं ही शहाणपणाची गोष्ट मानली जाते, आणि तिथं ती आहेही. बर्फावर मागे रेललं की वजन टाचेवर जातं, दात सुटतात आणि पाय पुढे पळतात. गुडघे वाकवून, नाक पायाच्या अंगठ्यांवर येईल इतकं पुढे झुकून, तळवा सपाट आपटत उतरायचं. क्रॅम्पॉन घालून बसून घसरगुंडी तर कधीच करायची नाही. वेगात एखादा दात बर्फात अडकला की शरीर पुढे जातं आणि घोटा मागे राहतो. घसरायचंच असेल तर आधी क्रॅम्पॉन काढायचे, थांबायची जागा डोळ्यांनी बघायची, मग घसरायचं. पडल्यावर अ‍ॅक्सनं स्वतःला रोखायच्या सरावातही याच कारणासाठी क्रॅम्पॉन घालत नाहीत, आणि खरोखर पडलो तर पाय वर उचलून गुडघे टेकवायला शिकवतात.

पाय वीतभर अंतर ठेवून टाकायचे, हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो. थकलेला माणूस पाय ओढत चालतो आणि एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये, म्हणजे पोटरीवरच्या आवरणात, अडकतो. त्याहून साधं कारण शोधावं लागत नाही तोंडावर पडायला. फाटलेले गेटर बघितले की कोण किती थकलं होतं ते दिसतं. सैल ट्रॅक पँटवर गेटर न घालता निघणाऱ्याला लीडरनं कॅम्पमध्येच थांबवावं. आणि रोपवर पाय द्यायचा नाही. सह्याद्रीतही देत नाहीत, पण तिथं मातीच लागते. इथं दात थेट दोर कापतो.

हे सगळं लेख वाचून येत नाही. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 पासून, दार्जिलिंगची हिमालयन इन्स्टिट्यूट 1954 पासून हे शिकवते आहे. मनाली आणि पहलगामलाही सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, क्रॅम्पॉन आणि बूट संस्थेकडूनच मिळतात. म्हणून कोर्सच्या आधी खरेदी करू नये. तिथं महिनाभर वापरल्यावर आपल्या पायाला काय बसतं, आपल्याला पुढे जायचंय की नाही, हे कळतं. त्या शिकण्यालाही धोक्यापासून पूर्ण संरक्षण नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-2 या 5,670 मीटरच्या शिखराजवळ हिमप्रपातात सापडली आणि 29 जण गेले. त्यांत शिकणारे होते आणि अनुभवी प्रशिक्षकही होते. पायाखालचे दात घसरण्यापासून वाचवतात, वरून येणाऱ्या बर्फापासून नाही. क्रॅम्पॉन आले म्हणजे कुठलाही उतार आपला झाला, असं मानणाऱ्यानं ही तारीख विसरू नये.

दोन-तीन वर्षांत एखादीच मोहीम करणाऱ्यानं भाड्याची जोडी घ्यायला हरकत नाही. मनाली, लेह, उत्तरकाशी इथं ती मिळते. फक्त निघायच्या सकाळी घाईत उचलू नये. आदल्या दिवशी बूट घेऊन दुकानात बसावं, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक रिव्हेट, मधली पट्टी आणि टाचेचा खटका हातानं तपासावा, पट्टा कुठे विरला आहे का ते बघावं. स्वतःची जोडी घ्यायचीच असेल तर क्लबमधल्या दोघा-तिघांनी वर्गणीतून घेण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या बुटासाठी घेतलेली बरी. दुसऱ्याच्या बुटावर लावलेली पट्टी आपल्याला बसली असं वाटतं, पण बसलेली नसते.

जपणुकीचा प्रश्न तर खास इथला आहे. चार महिने पाऊस आणि खाडीची दमट हवा. जून ते सप्टेंबर माळ्यावर सॅकमध्ये पडलेल्या पोलादी क्रॅम्पॉनला गंज चढतो. वरवरचा गंज घासून निघतो, रिव्हेटच्या आतला दिसत नाही. मोहिमेहून परतल्यावर धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून जोडी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. दात बोथट झाले तर कानस घ्यावी आणि हातानं, सावकाश, दाताच्या कडेवरून टोकाकडे घासावं. रुंद बाजू घासू नये, त्यानं दात पातळ होतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर दोन मिनिटांत काम होईल, हा विचार मनातून काढून टाकावा. ग्राइंडरच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं. दात चकाकतो, धारदार दिसतो, आणि पहिल्याच दगडावर वाकतो.

दिवाळी झाली की हिवाळी ट्रेकची बुकिंग सुरू होतात. त्याआधी एका रविवारी माळ्यावरची जोडी खाली काढा, बुटावर चढवा, मधली पट्टी वाकवून तिला चीर गेलीय का ते उजेडात बघा. चीर दिसली तर ती जोडी कुणाला देऊ नका, विकूही नका. भंगारात टाका.